टेंप सात

पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, औषधाची रिअ‍ॅक्शन : नाही. तिने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. नाही ते नाहीच. वर धाकट्या बहिणीचं नाव, खाली जन्मतारीख, पत्ता, दोन बाळंतपणं, गुडघ्याचा एक्स-रे, सगळं एका पानावर, बघणाऱ्याला बरं वाटावं असं मांडलेलं, आणि मधोमध ती एक ओळ. इथे काहीतरी चुकलं होतं. काय ते क्षणभर कळलंच नाही, आणि मग कळलं तेव्हा कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. मागे टाळ्या वाजत होत्या. रुग्णालयाची नवी यंत्रणा सकाळी आठला सुरू झाली होती, साडेअकरा वाजले तरी एकदाही अडखळली नव्हती, म्हणून साहेबांनी सगळ्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं होतं. कागदी कपांतून चहा फिरत होता. ज्याने त्याने आपापल्या माणसाची नोंद उघडून बघा, कशी पापणी लवायच्या आत येते ती, असं पाहुणा सगळ्यांना सांगत होता. तिला स्वतःचं माणूस म्हणजे एक धाकटीच. म्हणून तिने धाकटीचा नंबर घातला होता. नोंद पापणी लवायच्या आत आली होती खरी.

पाहुणा म्हणजे नव्या यंत्रणेच्या कंपनीचा माणूस. तीन आठवड्यांसाठी म्हणून आला आणि आठ महिने राहिला, म्हणून पाहुणा. चाळिशीचा, जुळ्या मुलींचा बाप, बोलायला गोड. तिला तो आवडू नये असं तिने ठरवलं होतं, ते काही जमलं नव्हतं. तिचं नाव किल्लीताई, तेही ह्याच खोलीत पडलेलं. सव्वीस वर्षं तिने जुनी यंत्रणा सांभाळली, आणि नव्या येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तेच शिकवलं. माणूस एका तक्त्यात, त्याचे पत्ते दुसऱ्या तक्त्यात, औषधं तिसऱ्यात, रिअ‍ॅक्शन चौथ्यात. माणसाला एक नंबर, तो नंबर म्हणजे किल्ली. गोष्ट एकदाच लिहायची, एकाच जागी, आणि जिथे लागेल तिथे किल्ली लावून काढायची. एखाद्या ओळीवर दुसरी ओळ अवलंबून असेल तर ती पुसू म्हटलं तरी यंत्र पुसू द्यायचं नाही, आधी मागच्यांचं बघा म्हणायचं. माणसांपेक्षा यंत्राला समजतं, असं ती चारचौघांत म्हणायची आणि लोक हसायचे. पाहुण्याच्या यंत्रणेत हे काहीच नव्हतं. एका माणसाचं जे जे आहे ते ते एका गाठोड्यात बांधायचं, बस्स. गाठोड्याला गाठोड्याची ओळख नाही, जोडाजोड नाही, म्हणून तर वेग. तक्त्याचे ठरलेले रकानेही नाहीत. कुणाच्याही गाठोड्यात हवी ती ओळ घाला, बाकी कुणाच्यात ती नसली तरी चालतं, कुणाची परवानगी नको, हे त्याने पहिल्या बैठकीत इतक्या आनंदाने सांगितलं होतं की तिला रागच आला होता. घरात वस्तू ठेवायला जागा ठरलेली नसली तर माणसं सुखी होतात का, असं तिने विचारलं होतं. आमच्याकडे तर होतात, असं तो म्हणाला होता, आणि साहेब हसले होते. नव्याचे नऊ दिवस, असं मनाशी म्हणत ती गप्प बसली होती.

आता गप्प बसणं हा तिचा काही स्वभाव नव्हता असं कुणी म्हणणार नाही. टेंप सात हा तक्ता तिने गप्प बसूनच केला होता. एकोणीस वर्षांपूर्वी, एका दुपारी, धाकटी पहिल्या बाळंतपणासाठी ह्याच रुग्णालयात आली तेव्हा. नोंदणीच्या खिडकीवर तिला नाव विचारलं, तिने लग्नानंतरचं सांगितलं, आणि यंत्राने तिला नवा नंबर दिला. जुना नंबर माहेरच्या नावाखाली तसाच पडून. जुन्या नंबराला रिअ‍ॅक्शन : पेनिसिलिन, गंभीर. नव्या नंबराला काही नाही. किल्लीताई तेव्हा नुसती ऑपरेटर होती. ती धावत वॉर्डात गेली होती आणि नर्सला हातानेच कागदावर लिहून दिलं होतं. परत येऊन तिने तेव्हाच्या साहेबांना सांगितलं, की एकाच माणसाचे दोन नंबर होतायत, लग्न झालेल्या बायका, दत्तक गेलेली मुलं, नाव बदलून घेतलेली माणसं, ह्यांची गाठ घालायला एक तक्ता हवा. साहेब म्हणाले होते, नोंदणीवाल्यांच्या चुका आपण निस्तरायच्या नाहीत, न विचारता तक्ते वाढवायचे नाहीत. तिने मान हलवली आणि त्याच संध्याकाळी तक्ता वाढवला. दोनच रकाने, हा नंबर आणि तो नंबर, म्हणजे तीच व्यक्ती. नाव असं दिलं की कुणी ढुंकूनही बघू नये. टेंप सात, तात्पुरतं काहीतरी, सातवं. पहिली ओळ धाकटीची. पुढे संशय येईल तेव्हा ती स्वतः फोन करायची, हे दोन्ही तुम्हीच का, असं विचारायची, आणि हो आलं की ओळ घालायची. पडदा उघडला की यंत्र गुपचूप टेंप सातमध्ये बघून यायचं आणि दुसऱ्या नंबराची रिअ‍ॅक्शन ह्या नंबराखाली लाल अक्षरांत दाखवायचं. डॉक्टरांना वाटे, यंत्र हुशार आहे. एकोणीस वर्षांत एकोणीसशे छत्तीस ओळी झाल्या होत्या. साहेब बदलले, त्यांच्यानंतरचे बदलले, टेंप सात कुणालाच माहीत नव्हता. आणि लपवलेली गोष्ट जितकी जुनी होते तितकी ती सांगायला अवघड होते, चांगली असली तरी.

पाहुण्याने विचारलं होतं. हेच तर होतं. विचारलं नसतं तर बोट दाखवायला जागा होती. चार महिन्यांपूर्वी, ह्याच खुर्चीवर, तिच्या शेजारी बसून तो तक्त्यांची यादी करत होता, एकेका तक्त्यावर पेन्सिल टेकवत होता. हा कशाचा, हा कशाचा. ती भराभरा सांगत होती, पाठच होतं तिला. मग पेन्सिल थांबली. हा टेंप सात काय आहे ताई, तो म्हणाला. साहेब तेव्हा दारात उभे होते, कुणाशी तरी फोनवर बोलत. तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते असो, तोंडातून मात्र पटकन आलं, काही नाही, कचरा आहे तो. पाहुण्याने काट मारली. यादीच्या खाली तिने सही केली. रात्री घरी तिने ठरवलं होतं की उद्या त्याला एकट्याला गाठून सांगू. उद्या सर्व्हर बंद पडला, परवा रविवार होता, आणि मग त्या काटेवर दिवसांचा थर बसत गेला. खरं म्हणजे तिला वाटलं होतं की आधीच्या चाचण्यांत कुणाच्या तरी लक्षात येईल, आणि मग अरे हो, असं म्हणता येईल. कुणाच्या लक्षात आलं नाही. चाचणीला घेतलेल्या माणसांची लग्नं झालेली नसावीत.

आणि ते काही नाही म्हणताना आपला आवाज कसा होता, हे तिला आता, पडद्यासमोर बसून, कानात ऐकू आलं. तो आवाज ओळखीचा होता. सव्वीस वर्षांपूर्वीचा. ती चोवीस वर्षांची, धाकटी एकोणीसची, पायाला जखम होऊन ती पिकलेली, अंगात ताप. सकाळी नऊला गल्लीतला दवाखाना, आणि साडेदहाला तिची मुलाखत, ह्याच रुग्णालयात, टायपिस्टच्या जागेसाठी. तिने नवी सँडल घातली होती, ती टाचेला चावत होती, आणि ती दर दोन मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. नर्सने इंजेक्शन भरलं, धाकटीच्या दंडावर कापूस फिरवला आणि म्हणाली, ह्या इंजेक्शनचा आधी कधी त्रास झालाय का. धाकटीने डोळे उघडले. तिचे ओठ हलले. तापाने तिला शब्द जमवायला वेळ लागत होता. आणि तेवढ्यात तिच्याआधी थोरलीच म्हणाली, नाही, काही नाही. तिला माहीत होतं. आईने दहा वेळा सांगितलं होतं, लहानपणी हिच्या अंगावर ह्या औषधाने गांधी उठल्या होत्या, मी नसेन तेव्हा तू लक्षात ठेव. ती ते विसरली होती असंही नाही. ते डोक्यात कुठेतरी होतं, पण घड्याळ त्याच्या पुढे उभं होतं. पुढचं तिला तुकड्यातुकड्यांत आठवायचं. धाकटीचे ओठ जाड होत गेलेले. डोळे बारीक होत होत नाहीसे झालेले. घशातून येणारी शिट्टी. डॉक्टर धावतोय, नर्स धावतेय, सुई, दुसरी सुई, आणि मग इथेच, ह्या रुग्णालयाच्या तातडीच्या दारातून आत नेलेलं स्ट्रेचर. मुलाखत साडेदहाला होती आणि साडेदहाला ती इमारतीत होती, पण दुसऱ्या मजल्यावर. आई आली. आईने विचारलं, त्या नर्सने विचारलं नव्हतं का. ती म्हणाली, नाही विचारलं. धाकटी पलंगावर पडून होती, ओठ सुजलेले, बोलता येत नव्हतं, डोळे मिटलेले. झोपलेली असावी. पुढे ऐकलं की गल्लीतल्या दवाखान्यातून त्या नर्सला काढलं. मुलाखतीला आठवड्याने परत बोलावलं, नोकरी मिळाली, आणि दुसऱ्याच महिन्यात जुनी कार्डं यंत्रात भरताना ढिगातून धाकटीचं कार्ड तिच्याच हातात आलं. पेनिसिलिन, गंभीर. तिने ते तसंच टाइप केलं. धाकटीने त्या दिवसाबद्दल आजवर एक अक्षर काढलं नव्हतं. माणूस विसरतो, तापात होती ती, असं तिने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता त्यावर विश्वास बसल्यासारखं झालं होतं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. टाळ्या संपल्या होत्या, माणसं पांगत होती. तिने धाकटीच्या गाठोड्यात नवी ओळ उघडली, पेनिसिलिन, गंभीर असं लिहिलं, साठवलं. हिरव्याचं लाल झालं. अर्ध्या मिनिटाचं काम. जीव भांड्यात पडला. पडला, आणि लगेच बाहेर आला, कारण बाकीचे एकोणीसशे पस्तीस अजून हिरवे होते. ते कुठे असतील आत्ता. कुणी भाजी चिरत असेल, कुणी शाळेत शिकवत असेल, आणि कुणी इथे, ह्याच इमारतीत, उशीवर डोकं टेकून पडलं असेल, आणि पडद्यावर त्याच्या नावापुढे हिरवं नाही. डॉक्टर विचारतात, नाही असं नाही. पण बेशुद्ध माणूस काय सांगणार, म्हातारी बाई घाबरून काय सांगणार, आणि समोर पडदा नाही म्हणत असताना दुसऱ्यांदा कोण विचारणार. ती कँटीनमध्ये जाऊन बसली. चहा घेतला, साय येईपर्यंत तो तसाच राहिला. समोरून माणसं जात होती, पायात निळ्या चपला घातलेली, हातात फायली घेतलेली, आणि तिला प्रत्येक बाई दोन-दोन दिसायला लागली, एक लग्नाआधीची, एक नंतरची, आणि दोघींची एकमेकींशी ओळख नाही. ती हिशेब मांडत होती. जुनं यंत्र चार वाजता पुसायचं होतं, ते भंगारात जायचं होतं आणि त्याआधी आतलं सगळं नाहीसं करायचा नियम होता. बॅकअपही तिने सही केलेल्या यादीवरूनच घेतलेला, म्हणजे टेंप सात जगात एकाच ठिकाणी होता आणि चारनंतर कुठेच नसणार होता. चारच्या आत तो कागदावर छापून घेतला तर. कुणाला न सांगता रोज दहा-दहा लाल करत गेलं तर. एकशे चौऱ्याण्णव दिवस. सहा महिन्यांत सगळं निस्तरेल, कुणाला ताकास तूर लागणार नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सहा महिन्यांत एखादं दगावलं तर ते तिच्यामुळे दगावलं हेही कुणाला कळणार नाही. ह्या शेवटच्या वाक्यात तिला आधी सुटका वाटली, आणि मग आपल्याला सुटका वाटली ह्याची इतकी भीती वाटली की तिने कप दूर सरकवला.

यंत्राची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. दोन वाजून गेले होते. आत एक प्लास्टिकची खुर्ची, थंड हवा, आणि ते घरघरतंय, सव्वीस वर्षांत दोनदा पोट बदललेलं पण आवाज तोच. तिने त्याच्या झाकणावर हात ठेवला. ते कोमट होतं. छापायला प्रिंटर जोडलेला नव्हता, सकाळीच काढून नेला होता. पेनड्राइव्हची तोंडं बंद केलेली, तिनेच नियम केला होता. तिने पडदा लावून टेंप सात उघडला. वरून खाली आकडे, नुसते आकडे, हा नंबर, तो नंबर. ह्यातल्या प्रत्येक ओळीमागे एक फोन होता, एक आवाज होता. एक बाई लग्नाआधीचं नाव ऐकून रडली होती, ह्या नावाने मला आता कुणी हाक मारत नाही म्हणाली होती. एक गृहस्थ चिडले होते, जुनं नाव परत उच्चारू नका म्हणून. तिने सगळ्यांना सांगितलं होतं की तुमची नोंद नीट राहील, काळजी करू नका. वहीत पहिले पाचसहा नंबर उतरवून घ्यावेत म्हणून तिने पेन काढलं, आणि पेन हातात धरूनच तिला वेड्यासारखं सुचलं की आज ऑपरेशनला कोण कोण आहे ते तरी बघावं. यादी नव्या यंत्रणेत होती. अकरा नावं. अकरांचे नंबर तिने टेंप सातमध्ये एकेक करून शोधले. दहा नाहीत. अकरावा होता. चौपन्न वर्षांची बाई, पित्ताशयाचे खडे. माहेरच्या नंबरावर एका इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन, ऑपरेशनच्या आधी सगळ्यांना टोचतात तेच इंजेक्शन. नव्या गाठोड्यात हिरवं नाही. थिएटरमध्ये नेल्याची वेळ, दोन वाजून पाच मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून चौतीस झाले होते. दोन वाजून पाच मिनिटांनी ती कँटीनमध्ये सायीकडे बघत बसली होती.

खोलीतल्या फोनवरून थिएटरचा नंबर लावला तर तो व्यस्त. ती कॉरिडॉरमधून पळाली, पन्नासाव्या वर्षी, चपला वाजवत, आणि साहेबांच्या खोलीत शिरली तेव्हा पाहुणा त्यांच्यासमोर बसला होता, दोघे कसला तरी कागद बघत होते. तिने दार धरलं.

"थिएटरमध्ये एक बाई आहे," ती म्हणाली. "तिला रिअ‍ॅक्शन आहे आणि पडद्यावर नाही दिसतंय. माझ्यामुळे. थिएटरचा फोन लागत नाहीये."

साहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी बाईचं नाव आणि औषधाचं नाव तेवढं घेतलं आणि ते स्वतः उठून जिन्याकडे गेले, लिफ्टची वाट न बघता. खोलीत ती आणि पाहुणा उरले. पाहुण्याने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं, टेंप सात, एकोणीस वर्षं, तो तक्ता कशाचा, तिने तो कचरा का म्हटलं. सांगताना तिला वाटत होतं की तो आता हसेल, नाहीतर भडकेल, आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी बरं. तो नुसता पांढरा पडला. मी वाचायला हवं होतं, मी नुसतं नाव बघितलं, असं तो दोनदा म्हणाला. मग त्याने फोन उचलून यंत्र पुसणाऱ्यांना सांगितलं की यंत्र पुसायचं नाही, आजही नाही, उद्याही नाही, हात लावायचा नाही. थिएटरमधून कुणाचा फोन येत नव्हता. अकरा मिनिटं गेली. ती त्या अकरा मिनिटांत घड्याळाकडे एकदाही बघू शकली नाही. ती फक्त दाराच्या कडीकडे बघत होती आणि तिच्या कानात ती जुनी शिट्टी वाजत होती, घशातून येणारी, बारीक. देवाचं नाव घ्यावं असंही वाटलं, पण कुठल्या तोंडाने. साहेब आले. ते धापा टाकत होते, कपाळ ओलं होतं. त्यांनी सांगितलं की भूल देणाऱ्या डॉक्टर जुन्या वळणाच्या आहेत, पडद्याकडे त्यांनी बघितलंच नव्हतं, बाईला तोंडी विचारलं होतं, बाईने सांगितलं होतं, इंजेक्शन बदललेलं होतं. बाई ठीक आहे. वाचलो, असं ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. तिला वाचल्यासारखं वाटेना. कुणीतरी विचारलं होतं आणि त्या बाईला उत्तर द्यायला वेळ दिला होता, एवढंच झालं होतं.

ओरडणं झालं, ते व्हायलाच हवं होतं. साहेब ओरडले, मग थकले, मग म्हणाले, चौकशी होईल, तुमच्या नोकरीचं मी आत्ता काही सांगू शकत नाही, आधी ह्या एकोणीसशे लोकांचं बघा. पाहुण्याने टेंप सात उतरवून घेतला, आणि तासाभरात त्या सगळ्या गाठोड्यांवरचं हिरवं नाही काढून तिथे पिवळ्यात विचारा असं केलं. धाकटीचं तिने सकाळी लाल केलेलंही पिवळं झालं. त्याने नियम सांगितला. दोन गाठोडी आपण आपल्या मनाने एक करायची नाहीत. प्रत्येकाला फोन करायचा, दोन प्रश्न विचारायचे, हे दोन्ही नंबर तुमचेच का, आणि कुठल्या औषधाचा त्रास झालाय का. उत्तर त्या माणसाच्याच तोंडून हवं. नवरा, बहीण, मुलगा, कुणाचंही चालणार नाही. तो हे साधेपणाने बोलत होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. सहा माणसं फोनला बसवली. पहिल्या ओळीपासून तुम्ही सुरू करा ताई, तो म्हणाला.

खिडकीबाहेर अजून ऊन होतं. पहिली ओळ. धाकटीचा नंबर तिला पाठ होता, तरी तिने तो पडद्यावर बघून फिरवला. पलीकडे नळ चालू होता, मग बंद झाला. धाकटीने विचारलं की आज कामाच्या वेळेला कसा फोन, बरी आहेस ना. ती म्हणाली की कामाचाच आहे. मग तिने ऑफिसच्या आवाजात दोन्ही नंबर वाचून दाखवले आणि हे दोन्ही तुमचेच का असं विचारलं. धाकटी हसली आणि म्हणाली, माझेच. मग दुसरा प्रश्न. तोही तिने त्याच आवाजात विचारला, कुठल्या औषधाचा त्रास झालाय का. पलीकडे काही ऐकू येईना. एक सेकंद, दोन सेकंद. तिला राहवेना. "म्हणजे पेनि…" ती म्हणाली.

"ताई, थांब," धाकटी म्हणाली. "ह्या वेळी माझं मला सांगू दे."

तिने बोटं कळांवर ठेवली आणि ती थांबली. सव्वीस वर्षांत ती धाकटीपुढे अशी कधी थांबली नव्हती. धाकटीने औषधाचं नाव सांगितलं, सावकाश, अक्षरं सुटी करून. ओठ सुजले, श्वास बंद झाला, दोन दिवस दवाखान्यात, वय एकोणीस. ती लिहीत गेली. धाकटीच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर ऐकायला सोपं गेलं असतं.

"आणि नर्सने विचारलं होतं," धाकटी म्हणाली. "आईला तू सांगितलंस तेव्हा मी जागी होते. लिहायला कुठे जागा असेल तर तेही लिही."

जुन्या यंत्रात जागा नव्हती. जुन्या यंत्रात ह्याचा रकानाच नव्हता, आणि तिने तो कधी होऊही दिला नसता. तिने धाकटीच्या गाठोड्यात एक नवी ओळ उघडली, दुसऱ्या कुणाच्याही गाठोड्यात नसलेली. यंत्राने परवानगी मागितली नाही. दोन वेळा चुकलं, दोन वेळा पुसलं. मग तिने लिहिलं, नर्सने विचारलं होतं. बहीण नाही म्हणाली. हे तिने धाकटीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि बरोबर आहे का असं विचारलं.